सोलापूरची बॅग

आमच्या ह्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: पक्षाच्या अधिवेशनात, मांडवाच्या आत, प्रतिनिधी म्हणून बसायचं. तरुणपणी एका अधिवेशनात हे स्वयंसेवक होते. मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपापाशी उभं राहून ह्यांनी भाषणं ऐकली, म्हणजे वाऱ्याने आणली तेवढी. तेव्हापासून आत जायची ओढ लागली ती लागलीच. शाळेतून निवृत्त झाले, चष्म्याचा नंबर वाढला, ओढ तशीच. नारायण पेठेत लोक हसत. मीही हसायची, पण दर अधिवेशनाला ह्यांची बॅग भरून ठेवायची.

यंदा अधिवेशन सोलापूरला होतं आणि पक्षाने नवा नियम काढला होता. प्रदेशाध्यक्षपदाला तीन उमेदवार. शहरातल्या सदस्यांनी चिठ्ठीवर मत द्यायचं आणि ज्याला जेवढी मतं, त्या प्रमाणात त्याचे प्रतिनिधी सोलापूरला जायचे. मात्र मतांचा दहावा हिस्सा तरी हवा. त्याखाली गेला त्याचा एकही प्रतिनिधी नाही.

दोघं उमेदवार तालेवार. तिसरे दिगंबरराव, प्रामाणिक, म्हणून अर्थातच मागे. हे त्यांच्या बाजूचे, आणि त्यांच्या यादीत पुण्यातून पहिलं नाव ह्यांचंच. दिगंबररावांना दहावा हिस्सा मिळाला की हे मांडवात. महिनाभर हे बिबवेवाडीपर्यंत सायकल दामटत मतं मागत फिरले. मी धोतराला कडक इस्त्री केली, बॅगेत शेंगदाण्याची चटणी ठेवली. सोलापूरला शेंगदाण्याची चटणी पाठवणारी मी एकटीच असेन.

मतमोजणी संपवून पक्षाच्या कचेरीतला श्याम घरी आला. चहा घेईना.

"यज्ञेश्वरपंत, आपलं एका मताने हुकलं," तो म्हणाला. "आणि एक चिठ्ठी चक्क कोरी निघाली. कोण शहाणा असेल?"

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. श्याम गेल्यावर मी विचारलं, "कोरी चिठ्ठी तुमची?"

"यादीत पहिलं नाव माझं. स्वतःला सोलापूरला पाठवायला स्वतःच मत द्यायचं, हे शोभतं का?"

"मग दुसऱ्या कुणाला द्यायचं."

"ते मनाला पटेना."

अशा माणसाशी मी जन्मभर संसार केला. भांडायला तोंड उघडलं होतं, पण ह्यांचे डोळे पाहिले आणि मिटलं.

प्रतिनिधी निघाले त्या सकाळी हे स्वारगेटला गेले, म्हणून मीही गेले. दुसऱ्या गटांची माणसं बिल्ले लावून एसटीत चढत होती. ह्यांनी त्यांचे प्रवासाचे, फिरकीच्या झाकणाचे तांबे नळावरून भरून आणून दिले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हे तिथेच उभे.

"मांडव मोठा असेल, नाही?" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

परतताना मी कचेरीत शिरले आणि वर्गणी भरून पक्षाची सदस्य झाले. मी, जी राजकारणाला नसती उठाठेव म्हणायची.

"पुढच्या वेळी माझं मत तुमच्या यादीला," बाहेर पडल्यावर मी म्हटलं.

हे रस्त्यातच थांबले. "तसं नको. नवरा म्हणून देऊ नकोस. ज्याला पाठवणं योग्य वाटेल, त्यालाच दे."

"त्यालाच देणार आहे," मी म्हटलं.

घरी आल्यावर बॅगेतली चटणी तेवढी काढून घेतली. बाकी बॅग भरलेलीच राहू दिली.