गुरुवारची वेदिका

"गुरुवारी बारापर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि व्रताचं फळ मिळालं तर ते कोणाला सांगायचं नाही. फळ देवाचं असतं, आपलं नसतं."

हा आईचा आवाज. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी गुरुवारी पहाटे समईत तेल घालताना तो हमखास ऐकू येतो. तिचं पहिलं सांगणं मी एकवीस वर्षं पाळलं. दुसरं मोडलं ते यंदाच्या संक्रांतीत, यमुताईंच्या हळदीकुंकवाला, पंधरा-वीस बायांसमोर.

जरीपटका वस्तीतल्या बाजारामागे आमची अंगणवाडी आहे. गुरुवारीही मुलं येतातच, म्हणून बारापर्यंत मी हातांनी, चित्रांनी, चेहऱ्यानं बोलते. पाखरू म्हणजे दोन्ही हात पसरायचे, पाणी म्हणजे ओंजळ, रांग म्हणजे खांद्यावर हात. गाणी तेवढी आमच्या मदतनीस सिंधूताई म्हणतात. "तुमचा गुरुवार म्हणजे मले डबल ड्यूटी," असं दर आठवड्याला ऐकवून मग म्हणतात. त्यांच्याकडे उपास-व्रतं नाहीत. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि दारात झेंडूची दोन झाडं.

वेदिका ही यमुताईंची नात. आमच्याकडे आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती, आता चार पूर्ण झालीत. एक शब्द बोलत नव्हती. इतर दिवशी भिंतीकडे तोंड करून खडू मांडत बसायची. हाक मारली तर यायची नाही, ओढून आणलं तर चावायची. गुरुवारी मात्र तीच पोरगी रांगेत सगळ्यांच्या पुढे. मी हात पसरायच्या आत ती पाखरू झालेली असायची. ओंजळ केली की धावत पेला घेऊन यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत हसायची. ते हसू बघून माझे डोळे भरून यायचे.

मला दुसरं काय वाटणार?

हळदीकुंकवाच्या दिवशी यमुताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अरुंधतीबाई, खरं का हो, गुरुवारी आमची वेदू शहाण्यासारखी वागते?" मी मान खाली घालून म्हटलं, "हो. व्रताचंच फळ म्हणायचं." एका बाईने तर माझ्या पायाला हात लावला. मी तो लावू दिला.

दिवाळीआधी तपासणीच्या पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी वेदिकाचे कान तपासायला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. ती यमुताईंनी देवघरातल्या तसबिरीमागे खोचली होती, आणि हळदीकुंकवानंतर सोळा गुरुवार धरले. सगळ्या घरानं बारापर्यंत मौन पाळायचं. "सोळा होऊ द्या, मग पाहा, आजी म्हणून हाक मारते की नाही!" आणि नवल म्हणजे त्यांच्या घरीही वेदिका गुरुवारी फुलायला लागली. यमुताई बाजारात भेटल्या की भाजीवालीच्या देखत मला नमस्कार करायच्या.

मागच्या शुक्रवारी मुलं बाहेर नळावर हात धूत होती. वेदिका आत एकटीच होती, आमच्याकडे पाठ करून. सिंधूताईंनी खिचडीच्या पातेल्याचं झाकण उचललं, दुसऱ्या हातात मोठा पळा.

"बाई, फक्त पाहा. आज गुरुवार नाही, तरी बोलू नका."

आणि दणकन वाजवलं. मी दचकले. पत्र्यावरची कबुतरं उडाली, बाहेर एक पोर रडायला लागलं. वेदिकानं निळा खडू उचलला आणि पिवळ्याच्या शेजारी नीट लावला.

सिंधूताईंनी पुन्हा वाजवलं. मग झाकण खाली ठेवलं.

"पाहिलं? गुरुवारी तुम्ही हातानं बोलता, बाकीचे पाच दिवस तोंडानं. पोरगी तीच आहे बाई. बदलून राहिल्या त्या तुम्ही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं ना, दसऱ्याच्या आधी! तुम्हीच म्हणाल्या, लेकराबद्दल असं अशुभ काढू नका."

म्हटलं होतं खरं.

लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, तर मी बोलून दाखवलं म्हणून फळ गेलं. घरी पोहोचेपर्यंत कळलं की फळ कधी नव्हतंच. होती ती एक ऐकू न येणारी पोरगी. आठवड्यातल्या एका सकाळी तिला माझं बोलणं कळायचं आणि पाच दिवस मी तिला एकटं टाकायचे. वर तिच्या दवाखान्याच्या वाटेत आडवी आले.

तेव्हापासून कुठे बसवेना. वरणात दोनदा मीठ पडलं. जपाला बसले तर माळेचा मेरुमणी कधी आला, कधी गेला, पत्ता नाही. यांनी, म्हणजे कृष्णकांतांनी, पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काय चाललंय? भोवऱ्यासारखी फिरते आहेस घरात." मी म्हटलं, उकडतंय. चैत्र लागला होता, त्यामुळे ते खरं वाटलं.

आज मंगळवारी सकाळी प्रीती, वेदिकाची आई आणि यमुताईंची सून, मुलीला सोडायला आली ती गेलीच नाही. बाजारातल्या कपड्यांच्या दुकानात ती कामाला जाते. दारातच उभी राहिली.

"ताई, मी गुपचूप जाऊन कानाच्या तपासणीची तारीख आणली. उद्या दहा वाजताची."

"बरं झालं."

"कायचं बरं? आई नाही म्हणून राहिल्या. अकरा गुरुवार झाले, पाच राहिले. मधात दवाखाना केला तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होते म्हणे. अन् उद्याचं चुकलं तर पुढची तारीख आषाढात. तिथल्या मॅडम म्हणाल्या, चार वर्षं म्हणजे आधीच उशीर झाला आहे." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. सोळा झाले की बोलन ती?"

मागे सिंधूताईंचा झाडू थांबला.

"नाही," मी म्हटलं. "तिला ऐकू येत नाही, प्रीती. माझं चुकलं."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. "मग हळदीकुंकवात काहून तसं बोलल्या?"

"चुकलं," मी पुन्हा म्हटलं.

"मले सांगून काय फायदा? मले तर वाटतच होतं. आईंना सांगा. बायांसमोर बोलल्या होत्या ना, आता त्यांच्या तोंडावर बोला. तुमच्याशिवाय त्या कोणाचं ऐकत नाहीत."

"येते. आज पाच वाजता."

"नक्की?"

"नक्की."

ती गेल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "मी येऊ का सोबत?"

"नको. म्हणतील, सिंधूताईंनीच माझ्या डोक्यात भरवलं."

"ते तर म्हणतीलच. आमचं नाव तयारच असते." झाडू आपटून त्यांनी धूळ काढली. "मग एक करजा. एवढं हळू बोलू नका. तुमच्या हळू बोलण्यात लोक अर्धं ऐकतात अन् उरलेलं आपल्या मनानं भरतात."

त्यानंतर दिवसभर मी वेदिकाशी हातांनी बोलले. मंगळवार असून. आधी तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग उठून आली आणि माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले, जणू ते आज चुकून बाहेर राहिलेत. खिचडीच्या वेळी माझ्या शेजारीच बसली, कोणाला चावली नाही.

तीन वाजता घरी पोहोचले तोच यमुताईंचा फोन आला.

"अरुंधतीबाई, उद्यापनाला पहिली सवाष्ण तुम्ही बरं का! तुमच्यासाठी हिरवी साडी आणून ठेवली. आमच्या सूनबाई उगाच दवाखाना-दवाखाना करून राहिल्या. तुम्ही समजावा जरा तिला. समजावाल ना?"

"बरं," मी म्हटलं.

बरं! आणि फोन ठेवून दिला. इतक्या वर्षांत कोणाला मोठ्यानं 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. मग मन पळवाटा काढायला लागलं. चिठ्ठी लिहून द्यावी. दवाखान्यातल्या मॅडमनाच फोन करायला सांगावा. उद्या सकाळी जावं, लवकर. सकाळी यमुताई पूजेत असतात, तोवर दहा वाजलेले असतील, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी तो विचार दोनदा केला.

त्या बाई मला देवासारखं मानतात. उद्यापासून मानणार नाहीत. वस्तीतल्या बायाही काय काय म्हणतील. कदाचित मुलंसुद्धा काढून घेतील काही जणी. हे सगळं मी खिडकीशी उभी राहून, मग ओट्याशी, मग पुन्हा खिडकीशी मोजत होते. समोरच्या घरी कूलरचं खसाचं गवत बदलणारा माणूस आला, जुनं काढून नवं बसवून निघूनही गेला.

पावणेपाचला मी तोंड धुतलं, वेणी नीट केली. देवापुढे उभी राहिले, पण मागायचं काही सुचलं नाही, म्हणून नुसते हात जोडले.

"कुठे निघालीस?" यांनी विचारलं.

"यमुताईंकडे. यायला वेळ लागेल."

दाराबाहेर चपला घालताना एकदा म्हणून पाहिलं, "यमुताई, वेदिकाला ऐकू येत नाही."

शेजारच्या पार्वतीबाई उन्हातलं वाळवण गोळा करत होत्या. "काय म्हटलं वं अरुंधती? ऐकू नाही आलं."

"तुम्हाला नाही म्हटलं," मी म्हणाले, फाटक ओढून घेतलं आणि बाजाराच्या दिशेनं चालायला लागले. कोपऱ्यावर येईपर्यंत तेच वाक्य आणखी दोनदा म्हटलं. दुसऱ्या खेपेला जरा मोठ्यानं.