शब्दाची दुरुस्ती

"हा शब्द त्या आफ्रिकेतल्या लेखकाचा, की तुमचा?"

अण्णांनी मासिक वासुदेव मास्तरांपुढे सरकवलं. 'लग्नगडी' या शब्दाखाली लाल रेघ होती.

मास्तर डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवत. नोकरी अजून कायम झाली नव्हती. अण्णा संस्थेचे अध्यक्ष, चिकूच्या चार वाड्यांचे मालक. मास्तरांच्या घरी बायकोला, सुनंदाला, सातवा महिना.

मासिकात छापलेली ती कथा मूळ इंग्रजीत होती, पण लेखकानं एवढा एक शब्द स्वतःच्या बोलीतला तसाच ठेवला होता. मालकानं लग्न लावून दिलं म्हणून त्याच्याकडे जन्मभर राबणाऱ्या माणसासाठीचा. भाषांतर करताना मास्तरांनी आधी 'नोकर' लिहिलं, खोडलं. 'गुलाम' लिहिलं, तर ते इतिहासाच्या पुस्तकातलं वाटलं. शेवटी गवताचा भारा विकायला दारी आलेल्या बायजालाच त्यांनी गोष्ट सांगितली.

"तो त लगीनगडी," ती सहज म्हणाली. "माझा बापूस पण तोच."

"कुणी सुचवला?" अण्णांनी विचारलं.

बायजाचं नाव अगदी जिभेवर आलं. बायजाची झोपडी अण्णांच्याच जागेत होती.

"मीच शोधला," मास्तर म्हणाले.

"मग संपादकांना चिठ्ठी लिहा. नजरचूक झाली, 'गडी' असं वाचावं." अण्णांचा आवाज जराही चढला नव्हता, आणि त्याचीच मास्तरांना धास्ती वाटत होती. "लोकांना वाटायचं, आमच्याबद्दलच लिहिलंय. आता इथं कुठं राहिलेत असले गडी? लडक्या!"

अंगणातून म्हातारा लडक्या हात पुसत आला.

"तू माझा कोण रे?"

"मी... लगीन..." लडक्यानं मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द गिळला. "गडी, शेट."

"ऐकलंत? लिहा."

म्हाताऱ्याच्या गळ्याची घाटी अजून वरखाली होत होती. मास्तरांनी टाक उचलला.

'छापलेला शब्द बरोबर आहे. कृपया बदलू नये.'

खाली सही केली. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली.

"जूनपासून शाळेत येऊ नका."

ओट्यावरून उतरताना मास्तरांचा पाय पायरीवर चुकला. लडक्यानं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. पायऱ्या संपल्या, तरी लडक्यानं हात सोडला नव्हता.