उशीवरचा खळगा

मुस्यू रोज सकाळी लेकीची खोली वापरात असल्यासारखी करून ठेवत. उशीवर मुठीने खळगा पाडायचा, टॉवेल ओला करून खुर्चीवर टाकायचा, घोटभर चहा उरलेला कप खिडकीत ठेवायचा, की झालं. मग तिच्याच आरशात भांग पाडून शेजारच्या आपल्या खोलीत जायचं. शाळेच्या वसाहतीत नियमच होता: माणशी एक खोली, आणि रिकामी खोली परत. लेकही याच शाळेत शिकवायची. 'वर्षभरात येते, बाबा' म्हणून परदेशी गेली, त्याला वर्ष कधीच उलटून गेलं होतं. खोली गेली तर पोर येईल कुठे, या विचाराने म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला होता.

जन्मभर फ्रेंच शिकवलं, म्हणून पोरांनी त्यांना मुस्यू करून टाकलं ते कायमचं. सामाईक न्हाणीघराचं दार कोणी ठोठावलं की ते आतून 'ऑक्युपे!' म्हणून ओरडत. हळूहळू सगळी वसाहतच तसं ओरडायला लागली. बाबांच्या शिकवण्याचं तेवढंच फळ, असं लेक चिडवायची. आता चिडवायलाही कोणी नव्हतं.

शेवटी व्यवस्थापक बाई तपासणीला आल्याच. दारावरच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ऑक्युपंट म्हणून तुमच्या मुलीचं नाव आहे. कुठे आहे ती?"

वेळ काढायला मुस्यूंनी तासच सुरू केला. "शब्द फ्रेंचांकडून आलाय बरं का. त्यांनी लॅटिनमधून उचलला. ऑक्युपे म्हणजे जागा व्यापणं, ताब्यात घेणं. त्यावरून ऑक्युपां. शेवटचा टी ते गिळतात, इंग्रजांनी तेवढा उच्चारला. आपण सरकारी कागदात भोगवटादार म्हणतो, ऐकायला एखादं दुखणंच वाटतं."

"म्हणजे मालक?"

"छे! मालक असो, भाडेकरू असो, आत्ता जो तिथे आहे तो. गाडीत बसलेला माणूससुद्धा उतरेपर्यंत ऑक्युपंट." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंनी टॉवेल चाचपला, कप पाहिला. मग आरशापुढचा कंगवा उचलला. त्यात पांढरे केस अडकले होते.

"सर, मी तुमच्याच वर्गात होते," बाई हळूच म्हणाल्या. "मला खोटं लिहायला लावू नका. दोन्ही खोल्या नाही ठेवता येणार. कुठली ठेवता, सांगा."

मुस्यूंनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांचा सगळा संसार झाला होता, बायकोने शेवटचा श्वास तिथेच घेतला होता.

"माझी घ्या," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सामान हललं. दमून ते लेकीच्या पलंगावर आडवे झाले. हा पलंग खिडकीला चिकटवून ठेवते, वारा लागतो, म्हणून ते तिला किती रागावायचे! उशीवर डोकं टेकलं आणि त्यांना फाटकापासूनचा सगळा रस्ता दिसला. आपण शाळेतून दारात पोचायच्या आतच चहा कसा तयार असायचा, याचं त्यांना नेहमी नवल वाटे. पोर इथून वाट बघत असायची तर.

फाटक वाजलं. मुस्यू धडपडत उठून बसले.

टपालवाला होता.

ते परत आडवे झाले, फाटकाकडे तोंड करून.