हात काढा, सर

धनश्री नापास झाली ती एका 'हो'मुळे.

सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत वाढून सरकारी शिष्यवृत्तीवर वैमानिक झालेली ही पोर जेट विमानाच्या परीक्षेला हैदराबादला गेली होती. परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटात. विमान वर उठतं न उठतं तोच डावं, एक नंबरचं इंजिन बंद पडलं. तिने विमान झकास सरळ धरलं. शेजारी कॅप्टन बनून बसलेले परीक्षक म्हणाले, "दोन नंबर बंद करतो. बरोबर?" आणि ऐकायच्या आधीच हिच्या तोंडून निघालं, "हो, सर." चालू होतं तेच इंजिन त्यांनी बंद केलं.

"एकशे चाळीस माणसं मारलीस," परीक्षक थंडपणे म्हणाले. त्यांनी मुद्दाम चूक केली होती, आणि ती चूक अडवणं हीच परीक्षा होती. आता एकच संधी उरली होती, दहा दिवसांनी. तीही गेली तर विमान कंपनीतली नोकरी गेली.

सुरतला परतल्यावर तिला राग आला तो स्वतःचाच. साहेब बोलला की मान डोलवायची, हे तिला कोणी वेगळं शिकवलंच नव्हतं. चहासारखं ते घरात रोजच व्हायचं.

तिचे वडील, पंडित, बावीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मास्तर म्हणवणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली कारागीर. त्यांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"गोपालकाकानी दोन बोटं कशी गयी, ठाऊक शे तुले?" ते म्हणाले. "मास्तर लांबथून वरडना, चार नंबर लूम चालू कर. मी 'हा' म्हनं अन् चालू करी टाकं. गोपालना हात आत व्हता."

गोपालकाका अजूनही त्यांच्याच शेजारच्या लूमवर कामाला होते. पण हे बाबांनी धनश्रीला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

"तवयपासून मी मशीनवर हात ठेवस, बघस, तोच नंबर मास्तरले परत वरडीसन सांगस. मास्तर शिव्या देवो, नही तर कामवरथून काढी टाको. बघाशिवाय 'हा' नही म्हनस."

मग त्यांनी स्टूल ओढलं, तिच्या शेजारी बसले आणि भिंतीवर लावलेल्या कॉकपिटच्या चित्राकडे बोट केलं. "मी तुना साहेब. दोन नंबर बंद करस!"

"नाही... बाबा," ती हसली.

"बाबा कोन? परत!"

दुसऱ्या दिवशी ती नीट म्हणाली, "हात काढा, सर." चौथ्या दिवशी ओरडून म्हणाली. चुलीपुढून तिची आई, सरलाबाई, कडाडल्या, "बापवर वरडस? लाज नही वाटत?"

"वरडू दे," पंडित म्हणाले. "दहा दिन मी तिना बाप नही."

हैदराबादला तेच परीक्षक, तोच धक्का. विमान डावीकडे ओढलं गेलं. धनश्रीने उजवा पाय पेडलवर रोवला आणि नाक सरळ आणलं. चारशे फूट उंचीपर्यंत इंजिनाच्या कुठल्याही खटक्याला हात लावायचा नव्हता. तिने लावला नाही.

"दोन नंबर बंद करतो," परीक्षक म्हणाले.

डावा पाय रिकामा होता. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्याच बाजूचं इंजिन गेलेलं. तिने इंजिनांचे काटेही पाहिले.

"नाही. एक नंबर गेलंय. हात काढा, सर."

"मी कॅप्टन आहे! अठरा वर्षं उडवतोय!" त्यांचा हात दोन नंबरवरच होता.

तिचा आवाज बाबांच्या खात्यातला निघाला. "अठरा असोत नाहीतर ऐंशी! दोन नंबर चालू आहे. हात काढा!"

त्यांनी हात काढला.

तासाभराने तिने खात्यात फोन लावला. पलीकडे मशिनींचा कल्लोळ होता. पास झाले हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण पंडितांनी आधीच विचारलं, "'हा' म्हनं का तू?"

"नही म्हनं, बाबा! दोनदा!"

रिसीव्हर बाजूला झाला असावा. त्या सगळ्या खडखडाटावरून वडिलांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"गोपाल! ए गोपाल! मनी पोरनी 'नही' म्हनं रे!"