दार पश्चिमेला का?

रोज सकाळी नऊला ऑफिसच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर साहेबांची नात एक प्रश्न टाकायची आणि उत्तरांना गुण द्यायची. साहेब म्हणजे नावाजलेले आर्किटेक्ट. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. उत्तरांच्या अधेमधे निवडणूक आणि परवा पडलेला पूल यांवर हमरीतुमरी चालायची.

आजचा प्रश्न होता, ‘साहेबांनी वाचनालयाचं दार पश्चिमेला का ठेवलं?’

साहेबांचे नकाशे काढण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले काका चहा तसाच ठेवून येरझारा घालू लागले.

“पायाला भिंगरी लागलीय का? बसा की!” बायको ओरडली.

“सगळे ‘मावळतीचा उजेड’ म्हणून नाचतायत. डोंबलाचा उजेड!”

“मग खरं काय ते लिहा ना. चाळीस वर्षं माझंच डोकं खाताय.”

त्यांनी चारदा लिहिलं, चारदा पुसलं. शेवटी पाठवलंच: ‘नकाशा उतरवताना मी ट्रेसिंग पेपर उलटा ठेवला, पूर्वेचं दार पश्चिमेला गेलं. साहेबांच्या लक्षात आलं, तोवर पाया भरून झाला होता.’

पुलावरचं भांडणही थांबलं. काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मग नातीचं उत्तर आलं, ‘चूक, काका. शून्य गुण. उद्या पुन्हा प्रयत्न करा.’