भुकेचा एक गुण

"डॉक्टर, खोटं पोट दुखत असेल तर तुम्हाला कळतं का?"

वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, विचारून दाखवच! म्हणून लुसुंगुने विचारलं खरं, पण ऐकायला त्या होत्याच कुठे? शाळेची गाडी तिला आणि तिच्या पांघरुणाला दवाखान्यात उतरवून केव्हाच परत गेली होती.

डॉक्टर म्सिस्का हसले. "मी दुखण्याला गुण देतो, दहापैकी. चार पडले की शाळेत परत. पाच-सहा, तर इथेच ठेवून पुन्हा तपासायचं. सात झाले की अपेंडिक्सचं ऑपरेशन."

बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, त्याचा एक. उलटीचा एक. तिथे बोट दाबताच ती किंचाळली, त्याचे दोन. रक्ततपासणीचं औषध संपलेलं, त्यामुळे ते तीन गुण सध्या कुणालाच नव्हते.

"भूक लागते?"

वॉर्डात प्रत्येक खाटेशी कुणीतरी होतं. आया, मावश्या, सासवा बाहेर चुलीवर रांधायच्या आणि डॉक्टर आले की पेशंटच्या आधी त्याच बोलायच्या. लुसुंगुचे आईबाबा तिकडे जोहान्सबर्गला कामाला. तिच्या खाटेशी नुसत्या तिच्या चपला. शेजारच्या आजींना दया आली होती. मक्याच्या न्सिमाची वाफाळती थाळी पुढे करून त्या उभ्या होत्या. पुढे आलेल्या अन्नाला नाही कसं म्हणायचं, हे तिला घरी कुणी शिकवलंच नव्हतं.

"लागते की."

"मग भुकेचा गुण नाही, चारच. दुपारी गाडी आली की जा."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. लुसुंगुने हात धुतले, न्सिमाचा गोळा केला आणि तो तसाच बोटांत धरून बसली. काल सकाळपासून तिने काहीही खाल्लं नव्हतं, आणि हे तिच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर! मी खोटं बोलले. मला भूक नाहीये. कालपासून नाहीये!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आजींनी थाळी मागे घेतली. "अगं बये, माझ्या न्सिमाला भ्यालीस होय! आधी तोंड उघडायचं ना."

पाच. तिला ठेवून घेतलं. दुपारपर्यंत ताप चढला, आणि दाबलेला हात उचलला की जास्तच कळ येऊ लागली. सात! एरवी एवढे गुण वाढले असते तर ती वर्गभर नाचली असती. आज तिने ते भिंतीकडे तोंड करून स्वतःलाच सांगितले.

मुख्याध्यापिकाबाई ऑपरेशनच्या कागदावर सही करायला आल्या आणि त्यांनी आपल्या फोनवरून जोहान्सबर्ग लावून दिलं.

"थांब गं बाळा," आई रडत होती, "आजची बस धरतो, परवा पोचतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

"डॉक्टरांना म्हणावं, बाबा येतायत," मागून बाबा.

"या तुम्ही. नक्की या, दोघंही," लुसुंगु म्हणाली. "पण मी थांबणार नाही, बाबा. मी हो म्हटलंय. आत्ता आत जातेय."