रेजानने रचलेली लाकडं

मी अमेरिकेत, व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका स्वयंपाकघरातली शेगडी बोलतेय. ओतीव लोखंडाची, चार आखूड पायांची. पोट मोठं, तोंड लहान. जन्मले तेव्हा वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतत होते, एवढंच आठवतं. नंतर कोणीतरी घासलं, काळा रंग दिला आणि मला एका ट्रकवर चढवलं.

क्लोव्हिस गान्यों आणि रेजान यांचं नुकतंच लग्न झालं होतं. चौघांनी मला उचलून आत आणलं. क्लोव्हिस म्हणाला, "खिडकीपाशी ठेवू." रेजान म्हणाली, "खिडकीला कशाला ऊब? माझ्या हाताशी ठेव." तेव्हापासून, एकेचाळीस वर्षं, मी याच जागी आहे.

क्लोव्हिस जंगलात लाकूडतोडीच्या कामावर जायचा. मेपल आणि बीच या झाडांचं, तेवढंच त्याच्या लेखी लाकूड. जड, चिवट, रात्रभर धगधगणारं. जानेवारीत थंडीने बाहेर झाडं तडकायची, तेव्हा मलाही तेच हवं असायचं. पण मार्च सरला, दुपारी छपरावरचं बर्फ टपटपायला लागलं, की रेजान सूत्रं हातात घ्यायची. ती पॉप्लर आणायची. पांढरं, हलकं, हातात घेतलं तर वजनच लागू नये असं.

"हे लाकूड म्हणायचं?" क्लोव्हिस चिडवायचा. "वाळलेलं गवत आहे ते."

"जानेवारीत घाल की तुझं मेपल. मी काही बोलते का? एप्रिलमध्ये मला घर गरम करायचंय, आपल्याला उकडून काढायचं नाहीये."

तिचं खरं होतं, हे माझ्या पोटाला ठाऊक. थंडी थोडी असली आणि मेपल घातलं, तर एक तर घराची भट्टी होते, नाहीतर हवा कोंडून ते विझत विझत जाळावं लागतं. मग धूर थंड होतो आणि धुराड्याला आतून डांबरासारखा चिकटून बसतो. रेजान सकाळी पॉप्लरचे चार बारीक फाटे घालायची, हवेची झडप सताड उघडी ठेवायची. आग भडकायची, तिची कॉफी होईपर्यंत निखारे उरायचे. ती ऊब दुपारपर्यंत पुरायची. पुढचं काम उन्हाचं. रागाच्या भरात केलेल्या कामासारखी ती आग असायची, झटपट आणि स्वच्छ.

गेल्या ऑक्टोबरात रेजान आजारी होती. तरी मागच्या दारी वळचणीखाली तिने तीन ओळी पॉप्लर रचलं. दोन फाटे ठेवायची, भिंतीला टेकायची, पुन्हा दोन. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

"पुरे आता, रेजान. मी रचतो ना."

"तू कसंही फेकतोस. तुला पॉप्लरची कदरच नाही."

"नाहीच आहे मुळी."

"म्हणून तर मी रचतेय."

फेब्रुवारीत ती गेली. आमच्याकडे तेव्हा जमीन दगड झालेली असते, कबर खणता येत नाही. स्मशानाच्या दगडी खोलीत तिला ठेवलं, मे महिन्यात माती सुटेपर्यंत. क्लोव्हिस घरी आला, बूट न काढताच खुर्चीत बसला. त्या दिवशी मला पेटवायचं त्याला सुचलं नाही.

मार्च गेला, एप्रिल आला. अंगणात चिखल झाला. क्लोव्हिस मात्र माझ्यात मेपलच घालत राहिला. घर तापायचं, तो बनियनवर बसायचा, खिडकी उघडायचा. मग झडप जवळजवळ बंद करायचा. मी दिवसभर धुमसायचे. धुराड्यात थरावर थर चढत होता. मला वाटायचं, त्याला ओरडून सांगावं की अरे, मागच्या दारी बघ, खडखडीत वाळलेलं पॉप्लर पडलंय. पण शेगडीला तोंड असतं ते फक्त खायला.

तो रोज मागचं दार उघडायचा. रास बघायचा. दार लावून घ्यायचा.

एका दुपारी तो थर पेटलाच. माझ्यात नाही, माझ्या डोक्यावर, धुराड्यात. सोसाट्याचा वारा नळीत अडकावा तसा आवाज झाला. नळी लाल झाली, भिंतीवरची भांडी थरथरली. क्लोव्हिस धावला. माझं दार, झडप, सगळं गच्च बंद केलं आणि मर्ना व्हीलॉकला फोन लावला. मर्ना धुराडी साफ करते, शिवाय गावाच्या अग्निशमन पथकात आहे. ती माणसं घेऊन दहा मिनिटांत आली. घर वाचलं.

दुसऱ्या दिवशी नळी साफ करून ती खाली उतरली. बादलीभर काळे चकचकीत पापुद्रे तिने क्लोव्हिससमोर ओतले.

"तुम्ही जन्मभर लाकूड तोडलंत ना? मग एप्रिलमध्ये मेपल कोंडून जाळायची अक्कल कुठून आली?"

क्लोव्हिस बुटाच्या टोकाने पापुद्रे गोळा करू लागला.

"आणि मागे एवढं छान पॉप्लर आहे! ते का नाही जाळत?"

"ते रेजानने रचलंय."

मर्ना तिथेच पायरीवर बसली. हात काळे होते, ते तिने पँटला पुसले.

"पॉप्लर टिकत नाही, क्लोव्हिस," ती म्हणाली. "अजून एक-दोन पावसाळी वर्षं गेली की भुसा होईल त्याचा. तिने ते बघायला रचलं होतं का?"

"तुझं काम झालं असेल तर नीघ आता."

"निघते. पण मेपल परत घातलंत तर मी स्वतः येऊन ही शेगडी उचलून नेईन."

मर्ना गेली. त्यानंतर तीन आठवडे मी थंड होते. मेपल घालायची त्याला धास्ती, पॉप्लरला हात लावायची हिंमत नाही. सकाळी तो कोट घालून माझ्यासमोर बसायचा. कधीकधी तळवा माझ्या पाठीवर ठेवायचा, सवयीने, आणि लोखंडाचा गारवा लागला की काढून घ्यायचा. एवढ्या वर्षांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. माझ्यापासून दोन हातांवर माणूस गारठत होता आणि मी नुसती उभी होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रेजानला मातीत ठेवायचं होतं. पहाटेपासून गार पाऊस लागला होता. क्लोव्हिसने काळा कोट घातला, टाय बांधला. मग मागचं दार उघडलं. तो पावसाकडे बघत उभा राहिला. स्मशानातून माणसं भिजून परत येणार, घरात वाटाण्याचं सूप मांडायचं, आणि घर हे असं. "तिला आवडलं नसतं हे," तो मोठ्याने म्हणाला.

त्याने वरच्या ओळीतले चार फाटे काढले. एकेक, जणू झोपलेलं पोर उचलतोय. माझ्यात ठेवले, काडी लावली, झडप सताड उघडली. पॉप्लर तडतडत पेटलं. तो गुडघ्यांवर बसून बघत होता. चेहरा ओला होता. मला वाटलं, आगीपासून जरा मागे सरकेल. सरकला नाही.

दुपारी माणसं आली, ओले कोट खुर्च्यांवर पसरले. मर्ना माझ्याजवळ येऊन उभी राहिली, हात शेकले, क्लोव्हिसकडे पाहिलं आणि काहीही बोलली नाही. मर्नाच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट!

सगळे गेल्यावर त्याने कप विसळले. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "चांगलं जळतं. मी तिला कधी म्हटलं नाही."

आता ऑक्टोबर आहे. दोन ओळी संपल्या, तिसरी अर्ध्यावर आली. गेल्या आठवड्यात तो एकटाच ओढ्याकाठी जाऊन पॉप्लरचं एक झाड पाडून आला. ते वाळायला पुढचा उन्हाळा जाईल. त्याने ते रचलंय, वाकडंतिकडं. दिवसभरात त्याच्या तोंडून शब्द निघतो तो बहुधा मला उद्देशूनच, आणि माझ्याकडून उत्तर जात नाही.

म्हणून तुम्हाला एक सांगते. जानेवारीत सगळे चौकशी करतात. बर्फ पडलं की टेकडीपलीकडूनही फोन येतो, "ठीक आहेस ना?" ऑक्टोबरात कोणी विचारत नाही, एप्रिलमध्येही नाही. थंडी थोडीच असते, त्यात काय विचारायचं! तुमच्या ओळखीत असं कोणी एकटं असेल, तर या मधल्या महिन्यांत फोन करा. "कसा आहेस?" विचारू नका, तो "बरा आहे" म्हणून ठेवून देईल. "आज काय जाळलंस?" असं विचारा. मग खुर्ची ओढून घ्या, तो बराच वेळ बोलेल.